सुई कोणासाठी?

आजचे वाचन : महाभारत, महाप्रस्थानिकपर्व, अध्याय ३



आजचा अध्याय छोटा आहे. दहा मिनिटांत वाचून होतो. तरी गेली दोन वर्षं मी तो टाळत होतो. का, ते पुढे सांगतो. आधी गोष्ट.

पांडव राज्य सोडून निघाले तेव्हा पाच भाऊ, द्रौपदी आणि मागोमाग सातवा एक कुत्रा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. वाटेत द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. शेवटी उरले युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला. युधिष्ठिर म्हणाला, हासुद्धा माझ्याबरोबर येईल. इंद्राने साफ नाही म्हटलं. कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, त्याला सोडून दे, यात काही निर्दयपणा नाही, असं तो म्हणाला.

मग इंद्राने एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढला. तू भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग या कुत्र्यालाच काय धरून बसला आहेस? युधिष्ठिराचं उत्तर नीट वाचा, आपण बहुतेक वेळा ते ओलांडून पुढे जातो. तो म्हणतो, ती सगळी मेलेली होती. त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मागे ठेवली. जिवंत असताना मी एकालाही सोडलं नाही.

म्हणजे इथे प्रेम किती आहे याचा हिशोब नाही. जो जिवंत आहे, आपल्या भरवशावर आहे आणि ज्याला दुसरं कोणी नाही, त्याला सोडायचं नाही. एवढंच.

आता माझी गोष्ट. इंद्राचं ते ‘यात काही निर्दयपणा नाही’ मी आधी ऐकलेलं आहे. स्वतःच्याच तोंडून.

आमचं घर इन्सुलीचं. सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना तपासणी नाका लागतो ना, तेच गाव. बाबा गेले तेव्हा घरात आई आणि मोत्या एवढेच उरले. मी पुण्यात, भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये. आईला माझ्याकडे न्यायचं ठरलं. मोत्याचं काय, हा विषय तेराव्यापर्यंत कोणी काढलाच नाही. मोत्या सात वर्षांचा, गावठी, तांबूस, अगदी धडधाकट. बाबा गेल्यावर दोन दिवस जेवला नाही आणि त्यांच्या खुर्चीखाली पडून राहिला, एवढंच काय ते त्याचं दुखणं.

पुण्याचा घरमालक फोनवर म्हणाला, कुत्रा चालणार नाही. इकडे एका नातेवाइकांनी सुचवलं, “असोच सोडलंस तर वाघ न्हेतलो. त्यापेक्षा सुई दी, सुटतलो बिचारो.” मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं. कारण मग पुढचं काहीच करावं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोत्याला रिक्षात घालून मी डॉक्टरांकडे नेलं. तो बाहेर तोंड काढून वारा खात होता. त्याला वाटलं असेल, फिरायला चाललोय.

डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या बघितल्या, छाती तपासली, पोट चाचपलं, पाय वाकवून पाहिले. मग विचारलं, “काय होतंय याला?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पण मला आता याला ठेवता येणार नाही. आमच्याशिवाय त्याचे हाल होतील. म्हणून म्हटलं, शांतपणे…”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “याचे हाल असते तर मी तुम्हाला थांबवलं नसतं. सुई दिल्यावर सुटका कोणाची होणार आहे, ते घरी जाऊन ठरवा. मी हे करणार नाही.” फीसुद्धा घेतली नाही.

मला राग आला होता. परत येताना रिक्षात मोत्या माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपला.

‘सुटका कोणाची?’ हा प्रश्न पुढे मला आणखी एका ठिकाणी भेटला. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू जखमी होऊन तडफडत होतं. त्याला कूस बदलणंही जमत नव्हतं. उपाय नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर गांधीजींनी त्याला इंजेक्शन देऊन मरण द्यायचं ठरवलं आणि स्वतः तिथे उभे राहिले. ‘नवजीवन’मध्ये त्यांनी हे उघडपणे लिहिलं. लोक भयंकर संतापले, रागाची पत्रं आली. पण त्याच लेखात पुढे माकडांचा विषय आहे. आश्रमाच्या पिकांची माकडं नासाडी करत होती. त्यांना मारलं तर ती हिंसाच ठरेल, असं गांधीजी म्हणतात. कारण वासराचं मरण वासरासाठी होतं आणि माकडांचं मरण आपल्या सोयीसाठी असेल. नारळीपोफळीवर माकडं आली की आम्हा कोकणातल्या लोकांचं काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे हा भेद सोपा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो खरा आहे.

आपला कायदाही याच रेषेवर उभा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. जखमी किंवा आजारी जनावराला मरण देण्याविषयी त्यात जी कसोटी आहे ती अशी, की त्याला जिवंत ठेवणं हेच क्रौर्य ठरेल का? मालकाची बदली, लग्न, नवीन फ्लॅट यांतलं काही या कसोटीत बसत नाही. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी हाल होतील अशा स्थितीत, योग्य कारण नसताना सोडून देणं हासुद्धा याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये. एवढ्यात आज धड एक वडापाव आणि चहा होतो. म्हणजे कायद्याच्या धाकाने आपण सुधारू असं काही नाही. उरतं ते आपलं मन आणि ज्याचं नाव आपण रोज घेतो तो.

महाभारताची सुरुवातही एका कुत्र्याजवळच होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याच्या पिल्लाला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. सरमा आधी त्यालाच विचारते, तुझं काही चुकलं असेल. ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग सरमा थेट यज्ञमंडपात जाऊन विचारते, याने काही केलं नसताना का मारलंत? त्या मोठमोठ्या लोकांकडे उत्तर नसतं. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या आरंभी विनाकारण मारलेलं पिल्लू आणि शेवटी न सोडलेला कुत्रा. मोत्याला डॉक्टरांकडे नेलं त्या दिवशी सरमेने मला विचारलं असतं, तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकी आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “अरे झिला, माका एकदा इचारलंस तरी काय? काय खातलो तो? आमी खातंव ताच.”

मी खरंच कोणाला विचारलं नव्हतं. विचारण्यात कमीपणा वाटत होता, त्यामुळे सुई सोपी वाटली. ही माझी चूक, आणि ती मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

आईचं पुण्याला येणं तीन आठवडे पुढे ढकललं. मोत्याला आधी काकींच्या अंगणात जेवण, मग दुपारची झोप, मग रात्रीचा मुक्काम अशी सवय लावली. बाबांची जुनी चादर त्याच्याबरोबर दिली. नसबंदी करून घेतली. रेबीजची लस दरवर्षी आणि खाण्याचे पैसे दरमहा, हे माझ्याकडे. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पहिले काही महिने तो दुपारी आमच्या बंद दारापाशी जाऊन बसायचा. काकी फोनवर सांगायच्या आणि मला पुढे काही बोलवत नसे.

मे महिन्यात गेलो तेव्हा तो नाक्याकडच्या वळणापर्यंत धावत आला आणि माझे हात चाटायला लागला. त्याला काही माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणून हा अध्याय टाळत होतो.

तुमच्यापैकी कोणी अशाच पेचात असेल, तर चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी विचारा. नातेवाईक, शेजारी, जुने मित्र. मोठं जनावर नव्या घरी रुळत नाही हा समज आहे. वेळ दिला तर रुळतं.

दुसरी, सोसायटीच्या धमकीने घाबरू नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाशी मात्र करार करण्याआधीच बोला.

तिसरी, शांत कुत्रा एकाएकी चावायला लागला तर आधी डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा त्यामागे दात, कान किंवा सांधे यांचं दुखणं असतं.

चौथी, निवाऱ्यात ठेवणं ही शेवटची पायरी असू द्या. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून मुक्या जनावरांची सेवा करत आलं आहे. पण अशा कुठल्याही संस्थेत आपण सोडलेल्या जनावरामुळे एखाद्या खरोखर जखमी जनावराची जागा अडते.

आणि ज्यांनी असाध्य आजाराने तळमळणाऱ्या आपल्या जनावराला डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याच्या डोक्यावर हात ठेवून निरोप दिला, त्यांनी यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. त्यांनी सोडलं नाही, शेवटपर्यंत साथ दिली.

अध्यायाच्या शेवटी कुत्र्याच्या रूपातला धर्म प्रकट होतो. पण युधिष्ठिर नाही म्हणाला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर फक्त एक कुत्रा होता.

आजचा संकल्प : माझ्या भरवशावर जगणारा एक जीव आठवेन, मग तो माणूस असो, जनावर असो किंवा कुंडीतलं रोप. त्याच्याबाबतीत काही ठरवण्याआधी स्वतःला विचारेन, यातून सुटका कोणाची होणार आहे?

राम कृष्ण हरी.