कीबोर्ड: धुवावा की बदलावा?

होस्टेलमधल्या कुठल्याही रूममध्ये जा आणि टेबलावरचा कीबोर्ड उलटा करून दोनदा थोपटा. फरसाणची शेव, मॅगीचे तुकडे, खोडरबराचा चुरा, केस आणि कुणाच्या तरी नखाचा तुकडा एवढा ऐवज नक्की खाली पडेल. मेसचा सहा महिन्यांचा इतिहासच म्हणा ना! मग सबमिशनच्या आदल्या रात्री स्पेसबार अडकतो आणि रूम पार्टनर लगेच निकाल देतो, "फेकून दे रे, नवीन घे, चार-पाचशेला मिळतो." लॅपटॉप असेल तर हाच निकाल हजारांत जातो.

मुद्दा असा आहे की मळलेला कीबोर्ड आणि बिघडलेला कीबोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यासमोर यातली कोणती आहे, हे खिशात हात घालण्याआधी ओळखता येतं. त्यासाठी आधी आत काय असतं ते पाहू.

कीबोर्डच्या पोटात

स्वस्तातले बहुतेक कीबोर्ड मेम्ब्रेन जातीचे असतात. मागचे स्क्रू काढले (एखादा स्टिकरखाली लपलेला असतो, तो विसरू नका) की प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे दिसतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईने रेघा छापलेल्या असतात. मधल्या पापुद्र्याला प्रत्येक बटणाच्या जागी भोक असतं. पापुद्र्यांच्या वर रबराच्या छोट्या घुमट्या असतात. बटण दाबलं की घुमटी बसते, वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. बोट उचललं की घुमटी बटणाला परत वर ढकलते. बस्स, एवढंच.

१०४ बटणांना १०४ वेगळ्या तारा नसतात. ८०५१ च्या प्रॅक्टिकलला आपण ४ × ४ चा कीपॅड जोडतो तेव्हा १६ बटणं पोर्टच्या ८ पिनांवर बसतात, आठवतं ना? इथेही तेच मॅट्रिक्स. ८ आडव्या आणि १६ उभ्या रेघा घेतल्या तर २४ रेघांत १२८ छेदबिंदू मिळतात. आतली चिप एकेक रेघ तपासत जाते आणि कुठे जोड झाला ते कॉम्प्युटरला कळवते. व्हायवासाठी पाठ केलेलं हे मॅट्रिक्स निदानाला फार उपयोगी पडतं.

निदान आधी, औषध नंतर

पहिली गोष्ट म्हणजे कीबोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे नीट चालला तर दोष पोर्टमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की 'स्टिकी कीज' विचारतं आणि उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की 'फिल्टर कीज' पुढे येतं. घाईत 'येस' दाबलं गेलं की बटणं विचित्र वागू लागतात आणि बिचारा कीबोर्ड बदनाम होतो. दोष कीबोर्डातच असेल तर लक्षणं अशी वाचा.

१) एकच बटण अडकतं किंवा जोरात दाबावं लागतं: बहुधा कचरा, नाहीतर चिकटलेली घुमटी. सफाईने काम होतं.

२) एक बटण दाबलं की दोन वेगळी अक्षरं उमटतात: दोन रेघा ओलीमुळे किंवा चिकट थरामुळे एकमेकींना जोडल्या गेल्यात. उघडून साफ केला तर सुधारण्याची चांगली शक्यता.

३) एकमेकांपासून लांब असलेली पाच-सहा बटणं एकदम गप्प: त्या सगळ्यांची रेघ एकच असणार. ती तुटली असेल किंवा पापुद्रा जिथे चिपच्या पट्टीला टेकतो तिथला जोड सैल झाला असेल. आधी ती पट्टी पुसा, स्क्रू घट्ट करा. तरीही गप्पच असतील तर मल्टिमीटर घेऊन रेघेची कंटिन्युइटी तपासा.

४) सगळाच कीबोर्ड गप्प: केबल मुळाशी वाकवून बघा. मध्येच जीव आला तर तार आत तुटली आहे.

या विभागासाठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्यांना एक खास सूचना. त्या मांडणीत हलन्त 'डी' च्या बटणावर आहे. ते एक बटण रुसलं की सगळी जोडाक्षरं संपली! 'प्रॅक्टिकल' लिहिता येत नाही म्हणून फॉन्टला शिव्या घालू नका, आधी 'डी' तपासा.

सफाईची कृती

डेस्कटॉपचा साधा कीबोर्ड असेल तर तासाभराचं काम आहे, वाळायला लागणारा वेळ वेगळा.

१) कॉम्प्युटर बंद करून कीबोर्ड काढा. लॅबमध्ये जुनी गोल पिन असेल तर चालू मशीनवर ती काढू-घालू नका, पीएस/२ पोर्ट त्यासाठी बनवलेलं नाही.

२) मोबाइलवर फोटो काढा. बटणं परत बसवताना 'स्क्रोल लॉक' कुठे होतं हे कुणालाच आठवत नाही.

३) उलटा करून थोपटा आणि रंगकामाच्या कोरड्या ब्रशने फटी झाडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

४) सपाट पट्टीने बटणांच्या टोप्या हलक्या हाताने वर उचला. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टखाली बऱ्याचदा तारेचा आधार असतो. या टोप्या शक्यतो काढू नका. काढायच्याच असतील तर तार कशी अडकवली आहे ते आधी नीट बघून घ्या.

५) टोप्या कोमट पाण्यात थोडी कपड्यांची पावडर टाकून भिजवा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. होस्टेलच्या बाथरूममध्ये हे करताना आधी मोरीवर जाळी ठेवा, नाहीतर 'क्यू' गटारात जाईल.

६) पापुद्रे चिकट असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा. रेघा घासू नका, शाई निघते. हे अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि डासांची अगरबत्ती आधी विझवा.

काय वापरू नये, तेही ऐका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन टोप्यांचं एबीएस प्लास्टिक विरघळवतं. हँड सॅनिटायझरमध्ये बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, ते मागे चिकट थर ठेवतं. तुटलेली रेघ सोल्डर करण्याचा उत्साहही आवरा. पापुद्रा पॉलिएस्टरचा असतो आणि २५०-२६० अंश सेल्सियसला वितळतो. आपली सोल्डरिंग गन त्याहून गरम असते.

चहा सांडला तर?

डेस्कटॉपच्या कीबोर्डवर सांडला तर केबल काढा, उलटा करा आणि वरच्या कृतीने साफ करा. नुसतं वाळवून भागत नाही. पाणी उडून जातं, साखर आणि दूध आतच राहतं.

लॅपटॉपवर सांडला तर पहिली काही मिनिटं फार महत्त्वाची. कीबोर्डच्या खालीच मदरबोर्ड असतो. ओल आणि विजेचा दाब एकत्र आले की तांब्याच्या रेघा गंजू लागतात, म्हणजे आपणच आत इलेक्ट्रोलिसिसचं प्रॅक्टिकल सुरू करतो. म्हणून फाइल सेव्ह करत बसू नका. हात कोरडे करून चार्जर काढा, पॉवरचं बटण लॅपटॉप पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरा, बॅटरी निघणारी असेल तर काढा आणि लॅपटॉप तंबूसारखा पालथा ठेवा. "चालतो का बघू" म्हणून दर अर्ध्या तासाने सुरू करणं हा सगळ्यात महाग प्रयोग आहे. तांदळाच्या डब्यात ठेवूनही उपयोग नाही, उलट पीठ आत जातं. पंख्याखाली ठेवा. गोड चहा असेल तर मशीन वाळलं तरी सुरू न करता उघडून साफ करून घ्या. बंद लॅपटॉपमधला डेटा बहुधा शाबूत असतो. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी जीव टांगणीला लागला असला तरी इथे धीर धरणाराच जिंकतो.

लॅपटॉपच्या टोप्याही उगाच उचकटू नका, खालची कात्रीसारखी यंत्रणा फार नाजूक असते. बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला कायमचा बसवलेला असतो, म्हणून बदलण्याचा खर्च वाढतो. एक-दोन बटणं गेली असतील आणि परीक्षा तोंडावर असेल तर यूएसबी कीबोर्ड जोडून दिवस काढता येतात.

मग बदलायचा कधी?

रेघ तुटली किंवा काळी पडली, घुमट्या फाटल्या, चिप गेली, किंवा मनापासून साफ करूनही तीच बटणं गप्प राहिली तर खुशाल बदला. नुसता कळकट दिसतो, अक्षरं पुसली गेली किंवा एक बटण अडकतं, ही बदलण्याची कारणं नव्हेत. चांदीची वाहक शाई आणून रेघ जोडता येते, पण साध्या कीबोर्डासाठी तो खर्च परवडत नाही. शिकण्यासाठी करायचं असेल तर जरूर करा.

लॅबच्या मंडळींना एक विनंती. एकाच मॉडेलचे दोन बंद कीबोर्ड डेड स्टॉकला टाकण्याआधी शेजारी ठेवून बघा. एकाचे पापुद्रे आणि दुसऱ्याच्या घुमट्या मिळून बऱ्याचदा एक चालू कीबोर्ड होतो. ज्या टेबलवरचा एंटर चालत नाही ते टेबल प्रॅक्टिकल परीक्षेत कुणा ना कुणाच्या वाट्याला येतंच, आणि त्याची मिनिटं कुणी परत देत नाही.

खरोखर मेलेला कीबोर्ड मात्र कचराकुंडीत टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि कॉम्प्युटरची इनपुट साधनंही त्यांत येतात. तो नोंदणीकृत रिसायकलरपर्यंत पोचेल असं बघा. आणि त्याच्या टोप्या, स्क्रू, घुमट्या काढून एका डबीत ठेवा. पुढच्या सेमिस्टरला शेजारच्या रूममधून कुणीतरी विचारायला येईलच, "अरे, तुझ्याकडे जास्तीचं 'एन' आहे का?"