नाचातला व्यायाम : कोणता नाच, कोणासाठी आणि किती?

लग्नाच्या मांडवात बॅण्डवाल्यांनी वॉल्ट्झ धरला की एक दृश्य हमखास दिसते. तरुण मंडळी जोडीने उठतात, लहान मुले मधूनच धावतात आणि पन्नाशी उलटलेले स्त्री-पुरुष कडेच्या खुर्च्यांवर बसून राहतात. "या ना मावशी, चार पावले टाका," असे कोणी म्हटले तर उत्तर ठरलेले असते : "बाबा, नाचायच्या वयात नाचले, ते पुरे झाले. आता गुडघे कुठे साथ देतात? आणि दिवसभर शेतात राबते, तो काय व्यायाम नव्हे?"

मावशींचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आजच्या पाठात त्याचा विचार करू. शेतकऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज आहे काय? असल्यास नाचाने ती भागते काय? आणि कोणता नाच कोणाला मानवतो?

शेतात राबणे पुरेसे नाही काय?

शेतकामाने हात, खांदे आणि पाठ बळकट होते यात शंका नाही. पण नीट पाहिले तर या कामात शरीर एकाच तऱ्हेने वापरले जाते. भाताची लावणी असो की खुरपणी, कंबर तासन्‌तास पुढे वाकलेली असते. डोक्यावर ओझे घेतले की मान ताठ आणि पावले आखूड पडतात. फवारणीचा पंप पाठीवर असला की एकच हात दांडा हलवीत राहतो. मागे पाऊल टाकणे, बाजूला सरकणे, गोल वळणे, हात वर नेऊन छाती मोकळी करणे, या हालचाली दिवसभरात क्वचितच होतात.

दुसरे असे की शेतकामही आता पूर्वीचे राहिलेले नाही. नांगरणीला ट्रॅक्टर आला, चिखलणीला पॉवर टिलर आला, बाजाराला जायला मोटारसायकल आली. लावणी-कापणीच्या दिवसांत अतोनात कष्ट आणि मधल्या महिन्यांत बसणे, असा क्रम झाला आहे. ताटातला भात मात्र बारा महिने तेवढाच. मधुमेह आणि रक्तदाब हे एके काळी शहरी माणसांचे आजार समजले जात. आता ते खेड्यांतही ओळखीचे झाले आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ती म्हणजे म्हातारपणी पडणे. साठीनंतर ओल्या बांधावर किंवा गोठ्यात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. मग महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागते आणि कित्येक जण पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. पाय घसरला तरी तोल सावरता येणे, ही सरावाने टिकणारी शक्ती आहे. ओझे उचलून ती टिकत नाही. पावले निरनिराळ्या दिशांना टाकण्याची सवय असेल तर टिकते.

नाचताना शरीरात काय घडते?

१. हृदय व फुप्फुसे : ठेक्यावर सतत हालचाल झाली की श्वास जलद होतो, नाडी वाढते आणि हृदयाला काम पडते. असे नियमाने घडले की दमसास वाढतो. इटलीतील डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्याला जवळचा वाटेल. हृदय दुर्बल झालेल्या १३० रुग्णांपैकी काहींना सायकल चालवणे व चालणे असा नेहमीचा व्यायाम दिला, काहींना वॉल्ट्झ नाचायला लावले आणि बाकीच्यांना व्यायाम दिला नाही. आठवड्यातून तीन वेळा असे आठ आठवडे चालले. नाचणाऱ्यांचा दमसास नेहमीचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच सुधारला. अर्थात हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले, हे विसरू नये.

२. रक्तातील साखर : मांडीचे व पोटरीचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर वापरतात. म्हणून मधुमेह्याला पायांची हालचाल विशेष उपयोगी पडते.

३. हाडे : आपले वजन पायांवर पेलून केलेल्या हालचालीने हाडे घट्ट राहायला मदत होते. पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. त्यांना या व्यायामाची गरज अधिक.

४. मेंदू : नाचात पाऊल, ठेका, जोडीदार आणि पुढची चाल, सर्वांकडे एकदम लक्ष द्यावे लागते. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींवर बरीच वर्षे लक्ष ठेवून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाहिलेल्या शारीरिक हालचालींपैकी फक्त नाच नियमाने करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. यावरून नाचाने तो आजार टळतोच असे सिद्ध होत नाही. प्रकृती धड असलेली माणसेच नाचत असतील, असेही म्हणता येईल. तरी ही खूण चांगली आहे.

५. मन : २०१५ साली ब्राझीलमधील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की सर्वांनी एकाच ठेक्यात नाचल्यावर वेदना सहन करण्याची शक्ती वाढते आणि एकमेकांविषयी आपलेपणाही वाढतो. लावणी करणाऱ्या बायका गाणे का म्हणतात, याचे कारण त्यांना प्रयोगावाचूनच ठाऊक आहे.

निरनिराळे नाच, निरनिराळे लाभ

मांडो आणि वॉल्ट्झ : मांडोमध्ये स्त्री-पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. पावले संथ, अंग ताठ. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीला हे ताठ उभे राहणेच मोठे औषध आहे. पाठोपाठ दुल्पद येते आणि ठेका वाढतो. आधी संथ, मग जलद, असा क्रम पूर्वजांनी घालून दिला आहे. आजचे डॉक्टरही हेच सांगतात, की शरीर तापल्यावाचून वेग वाढवू नये. वॉल्ट्झमध्ये मागे जाणे आणि गोल फिरणे असते, म्हणून तोल सुधारतो. जोडीदाराचा आधार असल्याने वयस्कांनी सुरुवात येथून करावी.

फुगडी आणि झिम्मा : फुगडीत दोघी हात गुंफून, पाय जुळवून मागे झुकतात आणि गरगर फिरतात. हातांची पकड, दंड आणि पोटऱ्या यांना चांगला ताण मिळतो. दम फार लवकर लागतो. पुष्कळ वेळ फिरण्यापेक्षा थोडे फिरावे, थांबावे, पुन्हा फिरावे. बसफुगडीने मांड्या बळकट होतात, पण दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. चक्कर येणाऱ्यांनी फुगडीऐवजी झिम्मा घ्यावा.

टिपऱ्या, कोलाट आणि गोफ : आपण टिपऱ्या म्हणतो, बेळगावकडे कोलाट, हैदराबादेकडे कोलाटम, बडोद्याकडे दांडिया. नाव कोणतेही असो, नजर आणि हात यांचा मेळ साधणे हा त्याचा गाभा. खांदे मोकळे होतात. गोव्याच्या शिगम्यातील गोफ तर मेंदूची तालीमच आहे. नाचता नाचता वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची वेणी घालायची आणि मग उलट पावलांनी ती सोडवायची. एक जण चुकला की गोफ अडतो. शाळकरी मुलांना हा नाच अवश्य शिकवावा.

लेझीम : हा महाराष्ट्रातील तालमींचा व शाळांचा खेळ. बैठक, उठणे, पुढे झुकणे, हात वर नेणे, सारे ठेक्यात. मांड्या, पाठ आणि खांदे यांना एकदम काम मिळते. तरुण मुला-मुलींना यासारखा स्वस्त व्यायाम नाही.

गरबा आणि बतुकम्मा : गुजरातचा गरबा २०२३ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. गोल फेर, टाळी, वाकणे आणि गिरकी, यांमुळे सर्वांगाला व्यायाम होतो. तेलंगणातील स्त्रिया बतुकम्माभोवती फेर धरतात, त्याची गती बहुधा संथ असते. फेराच्या नाचाचा एक गुण आहे. थकलेल्याला कोणालाही न अडवता बाहेर पडता येते आणि दम घेऊन परत येता येते.

कोणत्या नाचाला किती शक्ती लागते?

अंदाज यावा म्हणून ६० किलो वजनाच्या माणसाचा अर्ध्या तासाचा हिशोब देत आहोत. आकडे ढोबळ आहेत.

स्वस्थ बसणे : सुमारे ३० उष्मांक
संथ वॉल्ट्झसारखा जोडीचा नाच : सुमारे ९० उष्मांक
जलद जोडीचा नाच : सुमारे १६५ उष्मांक
उड्या-गिरक्यांचा लोकनाच : सुमारे २३० उष्मांक

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. ६५ वर्षांवरील माणसांनी त्यात तोल व बळ वाढवणाऱ्या हालचाली तीन दिवस तरी कराव्यात. घड्याळ किंवा यंत्र नको. नाचताना बोलता येते पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम झाला. सहज गाता येत असेल तर हलका झाला. दोन शब्द बोलतानाही धाप लागत असेल तर जास्त झाला, ठेका कमी करावा.

सावधगिरी

२०२३ च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना हृदयविकाराने काही मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, त्यांत तरुणही होते. वर्षभर न हलता एका रात्री चार तास नाचणे हा व्यायाम नव्हे. लग्नातही तेच. पोटभर जेवण, वर दारू आणि मग जोरात नाच, हा मेळ घातक आहे.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब किंवा श्वासाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.
२. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही जाणवले तर तत्काळ थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "वारा धरला असेल" म्हणून घरी बसू नये.
३. मधुमेह्यांनी अनवाणी नाचू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, खडा रुतला तरी कळत नाही. नाचून झाल्यावर तळवे पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी नाचू नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.
४. गरोदर स्त्रिया आणि अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या स्त्रिया यांनी उड्या व फुगडी टाळावी. संथ पावले टाकण्यापूर्वीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
५. गुडघे दुखत असतील तर बैठका व उड्या सोडाव्यात, नाच सोडू नये. हलक्या हालचालीने गुडघा सैल राहतो, बसून राहिल्याने आखडतो.

सुरुवात कशी करावी?

प्रथम आपला तोल तपासा. भिंतीजवळ उभे राहून, कोणाला तरी बाजूला ठेवून, एक पाय उचला आणि मनात दहा अंक मोजा. मध्येच पाय टेकावा लागला तर तोलाचा सराव आपल्यासाठी आवश्यक आहे असे समजा.

पहिले दोन आठवडे : संध्याकाळी दहा मिनिटे, रेडिओवरच्या किंवा फोनवरच्या संथ गाण्यावर अंगणात पावले टाका. पुढे, मागे, बाजूला. लागल्यास खुर्चीची पाठ धरा.
तिसरा व चौथा आठवडा : वीस मिनिटे. त्यात हात वर नेणे आणि सावकाश गोल वळणे घाला.
पाचवा व सहावा आठवडा : तीस मिनिटे. पहिली पाच संथ, मधली वीस जलद, शेवटची पाच पुन्हा संथ.

लावणी-कापणीच्या धामधुमीत दिवस चुकला तर हरकत नाही. अशा दिवशी पाच मिनिटे ताठ उभे राहून, हात वर नेऊन बाजूला पावले टाकली तरी वाकलेल्या पाठीला आराम पडतो. शेजारच्या चार घरांनी मिळून नाचले तर व्यायाम टिकतो, कारण एक जण आला नाही की दुसरा हाक मारतो.

तेव्हा मावशींना उत्तर असे : शेतात राबता त्याने घर चालते, पण म्हातारपणी स्वतःच्या पायांवर चालायचे असेल तर रोज चार पावले वेगळी टाकायला हवीत. पुढच्या लग्नात वॉल्ट्झ वाजला की निदान एका गाण्यापुरते खुर्चीवरून उठा. त्या दिवशी दम लागू नये म्हणून सराव आजपासूनच करा.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या रोजच्या कामात कोणती हालचाल फार होते आणि कोणती मुळीच होत नाही?
२. मांडो आणि दुल्पद यांच्या क्रमातून व्यायामाचा कोणता नियम शिकता येतो?
३. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना कोणता नाच मानवेल आणि कोणता टाळावा? त्यांच्याशी बोलून ठरवा.