जुनी डिझेल व्हॅन घेताना काय पाहावे

धर्मादाय संस्थेचे कार्य वाढू लागले म्हणजे एक दिवस वाहनाचा प्रश्न पुढे येतोच. वृद्ध सभासदांना नेत्रतपासणीस न्यायचे असते, वसतिगृहातील मुलांना परीक्षेच्या जागी पोचवायचे असते, वर्षातून एकदा चांदोद किंवा डाकोरची यात्राही असते. नव्या वाहनाइतका निधी हाती नसतो, आणि मग जुन्या डिझेल व्हॅनचा शोध सुरू होतो. हा पाठ अशा वेळी कार्यकारी मंडळाच्या, तसेच स्वतःच्या व्यवसायासाठी व्हॅन घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावा म्हणून आम्ही लिहीत आहोत.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. संस्थेकडे येणारी गाडी बहुधा ओळखीतून येते. विकणारा कोणाचा व्याही असतो, कोणाचा शेजारी असतो. 'घरचीच गाडी आहे, निर्धास्त घ्या' असे शब्द कानी पडले की, बॉनेट उघडून पाहण्याचाही संकोच वाटतो. आपल्या वाडवडिलांनी भीड ही भिकेची बहीण म्हटले आहे ते उगीच नव्हे. पैसा देणगीदारांचा आणि आत बसणारे जीव इतरांच्या घरचे. तेथे भीड बाळगण्याचा अधिकार आपणांस नाही. प्रामाणिक विक्रेत्यास तपासणीचा राग येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या वर्गात आपल्याकडे प्रामुख्याने दोन गाड्या आढळतात. एक १९८७ पासून रस्त्यावर असलेली ट्रॅव्हलर, जिला लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतात. दुसरी २००७ मध्ये आलेली टाटा विंगर. पहिलीत इंजिनाची ओढ मागच्या चाकांना मिळते, दुसरीत पुढच्या. हा भेद पुढे तपासणीत उपयोगी पडेल. कोणतीही गाडी असो, ती तीन प्रकारे पाहावी: थंड असताना, ओझे भरून, आणि खालून.

थंड असताना

गाडी पाहण्यास सकाळी जावे आणि 'इंजिन सुरू करून ठेवू नका' असे आदल्या दिवशीच कळवावे. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. कारण डिझेल इंजिनाचे बरेचसे दोष थंडपणीच उघडे पडतात. हीटर प्लग निकामी असतील, नोझल गळत असतील किंवा सिलिंडरमध्ये दाब कमी असेल, तर इंजिन पुष्कळ सेल खाऊन मग सुरू होते.

किल्ली फिरवताच इंजिनाचा, तेलाचा व बॅटरीचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा मुळीच लागत नसेल तर तो मुद्दाम काढून ठेवला असण्याचा संभव असतो.

यानंतर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त जाते. कारण गच्च भरलेल्या हवेच्या गाळणीइतके साधे असेल, किंवा नोझलइतके खर्चाचे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. रिंगा झिजल्या असतील किंवा टर्बोतून तेल झिरपत असेल. पांढरा धूर थंडीच्या सकाळी क्षणभर आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर डिझेल अर्धवट जळत आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे असे समजावे.

इंजिन चालू असता तेल ओतण्याचे झाकण सैल करून पाहावे. थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण धाप लागल्यासारखे झोत येऊ लागले तर पिस्टनच्या रिंगांनी दम सोडला आहे. डिझेल इंजिनातील तेल नवे भरल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, त्यास भिऊ नये. मात्र झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम पाणी उसळून तोंड भाजते.

ओझे भरून

रिकामी व्हॅन सपाट रस्त्यावर कोणासही फसवू शकते. म्हणून दहा-बारा माणसे बसवून निदान तासभर फिरवावी. आम्हां बडोदेकरांस पावागडच्या पायथ्याहून माचीस जाणारा घाट यासाठी उत्तम आहे. चढणीवर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट घसरते. टर्बोची कर्कश शीळ, तापमानाचा वर सरकणारा काटा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची खरखर, गिअर आपोआप सुटणे, या गोष्टी चढावरच कळतात. विंगरसारख्या पुढच्या ओढीच्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवावी. टकटक आवाज आला तर पुढच्या अॅक्सलचे सांधे झिजले आहेत. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत मागून येणारी घरघर व प्रॉपेलर शाफ्टचा धक्का ऐकावा.

ब्रेकची परीक्षा गाडी उभी असतानाही करता येते. डिझेल इंजिनात ब्रेकला साहाय्य करणाऱ्या निर्वातासाठी वेगळा पंप असतो. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर निर्वाताची व्यवस्था ठीक आहे. पेडल दाबून धरले असता सावकाश तळाशी जाऊ लागले, तर मास्टर सिलिंडर दोषी आहे किंवा ब्रेकचे तेल कोठे तरी गळत आहे. चढावर नुसत्या हँडब्रेकने गाडी थांबते का, हेही पाहावे.

खालून

गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेतल्यावाचून सौदा करू नये. पाटे तडकले आहेत काय, शॉक अॅब्झॉर्बर गळतात काय, चौकटीवर नवे वेल्डिंग कोठे आहे, हे नीट पाहावे. पायरीच्या खाली, चाकांच्या कमानीत आणि रबरी चटईखालच्या पत्र्यात गंज लपून बसतो; तेथे पेचकसाच्या टोकाने टोचून पाहावे. आसनांचे बोल्ट त्याच पत्र्यावर उभे असतात. एखाद्याने वाढीव आसने बसवली असतील तर ती आरसीतील संख्येशी ताडून पाहावीत. टायरच्या बाजूवरील चार आकडे आठवडा व वर्ष सांगतात: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा असू शकतो.

पुराची व काजळीची गोष्ट

आपल्या शहरात २०१९ च्या पावसाळ्यात व पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्तीत शिरले. अशा पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून देखणी करता येते. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्यावर गढूळ रेषा दिसते, आसनाखालच्या लोखंडी पट्टीत वाळलेला गाळ सापडतो, हेडलाइटच्या काचेत धुके राहते. बुडालेल्या गाडीचे इंजिन कोणी सुरू करण्याचा प्रयत्न केला असेल तर आतील कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास विक्रेत्याकडून मागावा.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी सर्वसाधारणपणे असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यास गाडी काही वेळ सलग वेगाने धावावी लागते. संस्थेची गाडी गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणार असेल तर ही गाळणी तुंबते आणि खर्च काढते. तेव्हा गाडी कशी आहे इतकेच न पाहता, आपण ती कशी वापरणार आहोत हेही मंडळाने आधी ठरवावे. शक्य तर गॅरेजमधील स्कॅनर लावून इंजिनातील साठवलेले दोष वाचून घ्यावेत.

कागदपत्रे

आरसीवरील चासी व इंजिन क्रमांक स्वतः गाडीवरील क्रमांकांशी पडताळावेत. बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५, गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असल्यास एनओसीसाठी फॉर्म २८, आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्जाची मुदत १४ दिवसांची आहे. गाडी भाड्याच्या धंद्यात असेल तर तिचा परवाना प्राधिकरणाच्या संमतीवाचून आपल्याकडे येत नाही. व्यापारी वाहनाचे फिटनेस पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी करावे लागते, तो खर्चही हिशोबात धरावा.

शेवटी आमची सूचना अशी. गाडी पाहण्यास तीन सभासदांनी जावे. त्यांतील एकाचाही विक्रेत्याशी संबंध नसावा. सोबत आपल्या पैशाने नेमलेला मिस्त्री असावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे. आढळलेला प्रत्येक दोष व त्याच्या दुरुस्तीचा अंदाज कागदावर उतरवून तो मंडळापुढे ठेवावा, आणि त्यावरूनच किंमत ठरवावी. क्लच, टायर, बॅटरी यांचे दोष किंमत कमी करून पत्करता येतात. परंतु कुजलेली चौकट, पुरात बुडालेले इंजिन आणि न जुळणारे क्रमांक कोणत्याही सवलतीत पत्करू नयेत. मग विकणारा कितीही जवळचा असो. नकार द्यावयाचा तो गोड शब्दांत पण त्याच दिवशी द्यावा. नाते त्याने फार तर चार दिवस रुसेल. पण घाटात ब्रेक गेलेल्या गाडीत बसलेल्या मुलांच्या आईबापांपुढे उभे राहण्याचा प्रसंग संस्थेवर येणार नाही.