ऑफिस नवे, मेल मात्र जुन्याच सर्व्हरकडे

प्रश्न : आमची नागरी सहकारी पतसंस्था आहे. मुख्य कार्यालय आणि शाखांतल्या सगळ्या संगणकांवर आमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी एकच तयार फाइल वापरून ऑफिस २०१६ टाकले. मेलचे सेटिंगही त्याच फाइलमध्ये भरले होते. पूर्वी मेल वेबसाइटच्या होस्टिंगवर होता, आता तो मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेला आहे. वेबसाइट जुन्याच ठिकाणी आहे. काही टेबलांवर मेल लगेच सुरू झाला. काही ठिकाणी आउटलुक अजून जुन्या सर्व्हरचा पासवर्ड मागते, आणि बरोबर पासवर्ड दिला तरी चौकट पुन्हा समोर येते. ऑफिस काढून परत टाकले, काही फरक नाही. फाइल एकच, मग निकाल वेगवेगळा कसा? आणि पुढे नवे संगणक घेऊ तेव्हा हीच फाइल चालेल का?
— एक शाखाधिकारी, सातारा जिल्हा

उत्तर : आधी ऑफिस काढणे-टाकणे थांबवा. तुमचा बिघाड ऑफिसमध्ये असण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि प्रत्येक वेळी कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस जातो.

ऑफिस संगणकावर बसते, पण मेलचे सेटिंग माणसाच्या नावावर बसते. विंडोज आपल्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या भांडारात ठेवते. त्यात एक भाग सगळ्या यंत्राचा असतो आणि दुसरा, ‘करंट युजर’ नावाचा, ज्याने लॉगिन केले आहे त्या एकट्याचा. आउटलुकचे प्रोफाइल, म्हणजे कोणता मेल आयडी, कोणता सर्व्हर, टपाल साठवणारी फाइल कुठे, हे सारे या दुसऱ्या भागात राहते. ऑफिस काढून टाकले तरी त्या नोंदी जागच्या हलत नाहीत. नवे ऑफिस आले की तेच जुने प्रोफाइल पुन्हा उघडते आणि त्यात लिहिलेल्या जुन्या सर्व्हरकडे जाते.

तुमच्याकडे वापरलेली फाइल बहुधा ऑफिस कस्टमायझेशन टूलमधून बनवलेली असावी. घाऊक परवान्याच्या ऑफिसमध्ये सेटअप ‘ॲडमिन’ ही जोड देऊन चालवला की हे साधन उघडते, आणि त्यातून एमएसपी प्रकारची फाइल तयार होते. तिच्यात आउटलुकसाठी एक वेगळा कप्पा असतो. आहे तेच प्रोफाइल वापरायचे, असलेले बदलायचे, नवे तयार करायचे, की पीआरएफ नावाची साधी मजकुराची फाइल लागू करायची, असे चार पर्याय तिथे मिळतात. त्यातला पहिला निवडलेला असेल तर जुने खाते असलेल्या टेबलांवर काहीच बदलणार नाही, आणि नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याला आउटलुक सगळी माहिती विचारत बसेल. तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना सर्वांत आधी हेच विचारा की या चारपैकी कोणता पर्याय निवडला होता. फाइल त्यांच्याकडे असेलच, ती त्याच साधनात पुन्हा उघडून पाहता येते.

चौथा पर्याय निवडला असला तरी एक अडचण राहते, आणि बहुतेक ठिकाणी माणसे इथेच चकतात. पीआरएफमधले सेटिंग ऑफिस बसताना लागू होत नाही. त्या माणसाने आउटलुक पहिल्यांदा उघडले की लागू होते. एकदा उघडले की आउटलुक त्याच्या नोंदींत ‘सेटअप’ या कप्प्यात ‘फर्स्ट रन’ अशी खूण करून ठेवते. या नावाच्या दोन नोंदी असू शकतात, एकीत मधे जोडरेघ असते. खूण आहे तोवर पीआरएफकडे पुन्हा पाहिले जात नाही. म्हणून ऑफिस कितीदाही टाका, जुन्या माणसासाठी ती ‘पहिली वेळ’ परत येत नाही. दोन्ही नोंदी काढल्या आणि ‘इम्पोर्ट पीआरएफ’ या नोंदीत फाइलचा पत्ता बरोबर असला, की पुढच्या उघडण्यात सेटिंग लागू होते. पीआरएफच्या आतही एक ओळ असते, जुने प्रोफाइल पुसून नवे लिहायचे की त्यात भर घालायची हे सांगणारी. तीही वाचून घ्या.

यावरून ‘आम्ही तपासले तेव्हा चालत होते’ या वाक्याचाही उलगडा होतो. तंत्रज्ञ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करतात, आउटलुक उघडतात, मेल येतो, समाधानाने निघून जातात. ते खोटे बोलत नसतात. त्यांनी पाहिले ते ॲडमिनिस्ट्रेटरचे प्रोफाइल होते, तुमच्या रोखपालाचे नव्हे. तपासणी ज्याच्या टेबलावर काम आहे त्याच्याच लॉगिनमधून व्हायला हवी, याबाबत आग्रह धरा.

दोष यंत्राचा की माणसाच्या नोंदींचा, हे ठरवायला सोपी परीक्षा आहे. बिघडलेल्या संगणकावर विंडोजचा नवा कोरा युजर तयार करा आणि त्यातून आउटलुक उघडा. मेल सुरू झाला तर दोष त्या माणसाच्या जुन्या नोंदींत आहे. तिथेही तोच जुना सर्व्हर पुढे आला तर गोष्ट वेगळी, आणि तुमच्या वर्णनावरून काही टेबलांवर हीच दुसरी गोष्ट घडत असेल असे मला वाटते.

आउटलुक २०१६ पासून एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्याला सर्व्हरचा पत्ता हाताने देता येत नाही. आउटलुक तो ऑटोडिस्कव्हर या पद्धतीने स्वतः शोधते. मेल आयडीतला ‘ॲट’नंतरचा भाग घेते आणि काही ठरलेल्या पत्त्यांवर क्रमाने विचारपूस करते. त्यातला एक पत्ता म्हणजे तुमचे मूळ डोमेन, जिथे तुमची वेबसाइट उभी आहे. अनेक होस्टिंग सर्व्हर या विचारणेला तत्परतेने उत्तर देतात, ‘या डोमेनचा मेल माझ्याकडेच आहे, पासवर्ड द्या’. मेल तिथून कधीच हलवला, हे त्या सर्व्हरला कोणी कळवलेलेच नसते. आउटलुकच्या नव्या आवृत्त्या ३६५ च्या खात्यासाठी आधी थेट मायक्रोसॉफ्टकडे विचारतात. त्यामुळे अद्ययावत केलेल्या संगणकावर मेल चालतो आणि शेजारच्या अद्ययावत न केलेल्यावर अडतो, असेही होते.

हे डोळ्यांनी पाहता येते. आउटलुक उघडे असताना घड्याळाजवळच्या त्याच्या छोट्या चिन्हावर कंट्रोल दाबून उजवी क्लिक करा. एरवी न दिसणारा ‘टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन’ हा पर्याय येतो. त्यात ‘गेसस्मार्ट’च्या दोन्ही खुणा काढा, मेल आयडी द्या, आणि ‘लॉग’ या पानावर कोणत्या पत्त्यावर आधी विचारले, कोणी काय उत्तर दिले, ते ओळीने वाचा. होस्टिंगचे नाव तिथे दिसले तर निदान झाले. खरा उपाय होस्टिंग कंपनीकडे आहे. त्या सर्व्हरवरची मेल सेवा आणि ऑटोडिस्कव्हरचे उत्तर तुमच्या डोमेनपुरते बंद करून घ्या, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या नोंदवहीत, ऑटोडिस्कव्हरची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे वळलेली आहे ना, हे पाहा. ते होईपर्यंत ‘एक्सक्लूड एचटीटीपीएस रूट डोमेन’ ही रजिस्ट्रीतली नोंद १ केली की आउटलुक मूळ डोमेनला विचारायचे सोडून देते. ही तात्पुरती सोय आहे. ती प्रत्येक माणसाच्या नोंदींत करावी लागते आणि सहा महिन्यांनी कोणाला आठवतही नाही.

बरोबर पासवर्ड देऊनही चौकट परत येण्याचे आणखी एक कारण तयार फाइलमध्येच दडलेले असू शकते. नुसत्या नाव-पासवर्डवर आत घेण्याची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून ३६५ च्या मेलसाठी बंद करायला घेतली. नव्या पद्धतीत वेबपानासारखी साइन-इनची चौकट येते. आउटलुक २०१६ मध्ये ही पद्धत मुळातच चालू असते, पण ‘एनेबल एडीएएल’ ही नोंद शून्य केली की बंद पडते. काही वर्षांपूर्वी पासवर्डच्या कटकटी टाळायला ती शून्य करण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. तुमची फाइल त्या काळातल्या एखाद्या फाइलवरून बनवलेली असेल, तर ते शून्य तिच्याबरोबर तुमच्याकडे आले असणार. तयार फायली वर्षानुवर्षे नकलून वापरल्या जातात आणि त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी होती हे लिहून ठेवलेले नसते, ही या कामातली खरी दुखरी जागा आहे. एखादे सेटिंग राखाडी दिसत असेल आणि बदलताच येत नसेल, तर ते रजिस्ट्रीच्या ‘पॉलिसीज’ शाखेतून लादलेले आहे. तिथली नोंद इतर नोंदींवर मात करते.

आता एक कळकळीची सूचना. जुने प्रोफाइल लगेच पुसू नका. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मेल’मध्ये जाऊन दुसरे प्रोफाइल जोडा, तेच नेहमी उघडावे असे ठरवा, आणि जुने काही आठवडे राहू द्या. जुने खाते पॉप पद्धतीचे असेल तर वर्षांचे टपाल सर्व्हरवर नसून त्या संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये असते. आयमॅप असेल तर टपाल सर्व्हरवर मिळेल, पण ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असे लिहिलेले संपर्क आणि कॅलेंडर फक्त त्या यंत्रावर असतात. खाते काढताच ते जातात. पतसंस्थेत थकबाकीदारांशी झालेला पत्रव्यवहार, लेखापरीक्षकांना पाठवलेली उत्तरे, निबंधक कार्यालयाची पत्रे अशा फायलींत पडलेली असतात. होस्टिंगवरची मेल सेवा बंद करून घेण्याआधी तिथले टपालही उतरवून घ्या. आधी प्रत, मग दुरुस्ती.

नव्या संगणकांसाठी ही फाइल चालणार नाही. ऑफिस २०१६ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तेच पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. २०१९ आणि पुढची ऑफिसे ‘क्लिक टू रन’ पद्धतीने बसतात. त्यांना एमएसपी लागू होत नाही. त्यांच्यासाठी ऑफिस डिप्लॉयमेंट टूल आणि एक्सएमएल फाइल वापरतात, आणि तिच्यात मेल प्रोफाइलचा पूर्वीसारखा कप्पा नाही. तुमच्याकडे सगळे संगणक एका विंडोज डोमेनला जोडलेले असतील, तर ‘झिरो कॉन्फिग एक्स्चेंज’ हे धोरण लावता येते. मग लॉगिन केलेल्या माणसाचा मेल आयडी आउटलुक ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे त्या डोमेनच्या वापरकर्त्यांच्या यादीतून, स्वतः उचलते. शाखांतले संगणक सुटे असतील तर प्रत्येकाने पहिल्या दिवशी आपला मेल आयडी आणि पासवर्ड एकदा द्यायचा. ऑटोडिस्कव्हर नीट लागलेले असेल तर त्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.