हाडांमधलं पाडकाम खातं

हाड म्हटलं की आपल्याला सिव्हिलच्या लॅबमधला काँक्रीटचा क्यूब आठवतो. एकदा सेट झाला की झाला! माझीही समजूत तीच होती. पण गेल्या दिवाळीत आई मोरीत घसरली, तोल सावरायला हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड कसं मोडतं? उत्तर शोधता शोधता ओळख झाली ती ऑस्टिओक्लास्ट या पेशीशी.

कोलिकर या स्विस शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये तिचं वर्णन केलं. मोनोसाइट जातीच्या रक्तपेशींच्या घराण्यातल्या अनेक पेशी एकमेकींत मिसळून ही एक मोठी पेशी तयार होते, म्हणून तिच्यात केंद्रकंही अनेक असतात. ती हाडाला चिकटते, कडेने गॅस्केटसारखं सील करते आणि आतल्या बंद जागेत आम्ल सोडते. तिथला पीएच साधारण ४.५ पर्यंत उतरतो. हाडातलं कॅल्शियमचं खनिज विरघळतं, उरलेलं कोलॅजन कॅथेप्सिन-के हे एन्झाइम तोडतं. मागे राहतो एक खड्डा. मग ऑस्टिओब्लास्ट नावाचे गवंडी येऊन तो भरतात. पाडायला दोन-तीन आठवडे लागतात, भरायला मात्र तीन-चार महिने!

तुम्ही म्हणाल, मग पाडायचंच कशाला? फटीगचं चॅप्टर आठवा. पुन्हा पुन्हा लोड आला की बारीक तडे जातात. पुलाचा गर्डर स्वतःचा तडा बुजवू शकत नाही, हाड बुजवतं. तेवढा भाग काढून नवा भरला जातो. ऑस्टिओपेट्रोसिस या आजारात पाडणाऱ्या पेशी काम करत नाहीत. हाडं दगडासारखी दाट होतात, तरीही पटकन मोडतात.

घोटाळा होतो तो हिशेब बिघडला की. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, पाडणाऱ्या पेशी वाढतात, जास्त दिवस जगतात आणि गवंडी मागे पडतात. आईचं नेमकं हेच झालं होतं. यात आधी काही दुखत नाही. बऱ्याचदा फ्रॅक्चर हीच पहिली सूचना. वजन पडलं नाही तरी हाड झिजतं. अंतराळवीरांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक टक्क्याने घटते.

आपला साठा जमतो तो तिशीपर्यंतच. म्हणजे हॉस्टेलची ही वर्षं जमेची आहेत. दिवसभर कॉटवर लोळण्यापेक्षा ग्राउंडवर पळा, जिने चढा. आणि घरी आईने पन्नाशी ओलांडली असेल, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा टेस्टबद्दल डॉक्टरांना एकदा विचारा. आम्ही विचारलं, पण हात मोडल्यावर.

आता फोनवर मी आईला रोज विचारतो, "गोळी घेतलीस? चालून आलीस?" ती म्हणते, "हो रे. आणि तू मेसमधलं दूध पितोस का?"

इथे मी विषय बदलतो.