फॉर्म भरण्याआधी चढ मोज

हे बघ, पैसे भरायच्या आधी दोन दिवस थांब. अर्ध्या आयर्नमॅनला (म्हणजे ७०.३ ला) १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, पूर्ण आयर्नमॅनला याच्या दुप्पट. हे आकडे तुला पाठ झालेत, ठाऊक आहे मला. पण ही अंतरं जगात कुठंही गेलीस तरी तीच. बदलतो तो रस्ता. आणि रस्ता कसा आहे म्हणून विचारलंस, तर लोक एका शब्दात उरकतात. ‘फ्लॅट आहे.’ नाहीतर ‘थोडा रोलिंग आहे,’ म्हणजे थोडा वर-खाली. स्थळ सांगताना ‘मुलगा थोडा तापट आहे’ म्हणतात ना, त्यातलाच हा ‘थोडा’. कसारा घाटात दर रविवारी सायकल घालणाऱ्याला जो रस्ता सपाट वाटतो, तो शहाद्याच्या केळीच्या मळ्यांमधून सराव करणाऱ्या मुलीला सपाट वाटेलच असं नाही.

तरी तू नंदुरबार जिल्ह्यातली आहेस हे बरंच आहे. मुंबईच्या मुलींना चढ शोधत उड्डाणपुलावर फेऱ्या माराव्या लागतात. तुझ्या दाराशी खाली तापीचा सपाट पट्टा आणि वर सातपुडा. मोजायला याहून चांगली पट्टी कुठली हवी? शहादा दीडशे मीटरच्या आसपास उंचीवर, तोरणमाळ साधारण १,१५० वर. म्हणजे शहाद्याहून निघून वर पोचलीस की निव्वळ हजार मीटर चढलीस. म्हसावद, राणीपूर मागं पडेपर्यंत गप्पा मारत जाता येतं; सातपायरीच्या घाटात बोलणं बंद होतं. मी तर कुठल्याही रेसची माहिती हातात आली की आधी तिचे ‘तोरणमाळ’ मोजते. हजार मीटर म्हणजे एक.

आता हे माप लावून बघ. कॅनरी बेटांतल्या लान्झारोटेचा १८० किलोमीटरचा सायकल मार्ग म्हणजे अडीच तोरणमाळ, त्यावर अटलांटिकचा वारा. फ्रान्समधल्या नीसचा जवळजवळ तेवढाच. तिथं समुद्रकाठावरून निघून अकराशे मीटरच्या खिंडीपर्यंत जायचं, म्हणजे तोरणमाळच्याच उंचीला. याउलट कझाकस्तानातलं अस्ताना, जर्मनीतलं हॅम्बुर्ग, ऑस्ट्रेलियातलं बसेलटन ही सपाट नावं. आपल्याकडच्या लोकांची पहिली पूर्ण आयर्नमॅन बऱ्याचदा अशाच ठिकाणी होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. नॉर्वेची नॉर्समन तर सोडूनच दे. तिथं फियॉर्डमध्ये बोटीवरून उडी मारून सुरुवात आणि शेवट १,८५० मीटरवर, डोंगराच्या डोक्यावर.

ढोबळ हिशोब असा ठेव. किलोमीटरमागं पाच मीटरपेक्षा कमी चढ असेल तर सपाट म्हण. दहाच्या घरात गेला की डोंगराळ. ९० किलोमीटरला ९०० मीटर दिसले, तर ‘थोडा रोलिंग’ म्हणणाऱ्याचा पुन्हा फोन घेऊ नकोस.

पण नुसत्या बेरजेवरही जाऊ नकोस. खरी मेख इथंच आहे. हजार मीटर एका घाटात असू शकतात, नाहीतर खांडबारा-नवापूरकडच्या रस्त्यासारखे वर-खाली, वर-खाली करत विखुरलेले असू शकतात. माझं मत विचारशील तर लांब घाट प्रामाणिक असतो. तो समोर दिसतो, एक गिअर धरून, एक लय धरून चढता येतो. छोटे तीव्र चढ मात्र फसवे. प्रत्येक वेळी ‘एवढंसं तर आहे’ म्हणत माणूस पेडलवर उभा राहून जोर काढतो आणि त्याची वसुली धावताना होते. म्हणून एकूण चढ विचारलास की पुढचा प्रश्न ठरलेला: सगळ्यात तीव्र किलोमीटर किती टक्क्यांचा? सरासरी नको. दहा किलोमीटरच्या घाटाची सरासरी चार टक्के सांगतात, पण मधे दोन किलोमीटर उतार असेल तर उरलेला रस्ता काय असेल ते तूच ताड.

एक खूण सांगते. चढाला नाव पडलेलं असलं की सावध व्हायचं. मिलिंद सोमणनं २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, तिथल्या सायकल मार्गावर ‘द बीस्ट’ आणि ‘हार्टब्रेक हिल’ नावाचे चढ होते. उगाच कुणी रस्त्याला असली नावं ठेवत नाही. आपल्याकडे चांदसैलीचा घाट म्हटलं की तळोद्याचा कुठलाही ड्रायव्हर सरसावून बसतो, तसंच ते.

वेबसाइटवरचं चढ-उताराचं चित्र बघताना आधी कडेचे आकडे वाच. आडव्या रेषेवर ९० किलोमीटर आणि उभ्या रेषेवर फक्त शंभर मीटर घेतले, तर आपला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्तासुद्धा सातपुड्यासारखा टोकदार दिसेल. उभ्या रेषेवर दोन हजार मीटर घेतले तर चांगला घाटही झोपलेला दिसतो. आयोजकांना जे दाखवायचं असतं ते चित्र दाखवतं.

दुसरं, अ‍ॅपच्या बेरजेवर डोळे झाकून विश्वास नको. एकाच रस्त्याची चढाई एक अ‍ॅप ६०० मीटर दाखवतं, दुसरं ९००. का, ते ऐक. अनेक नकाशांच्या मुळाशी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवसांत रडारनं केलेली मोजणी आहे. त्यात जमिनीचा साधारण ३० मीटरचा एक चौकोन धरून त्याला एक उंची दिलेली असते. प्रकाशाचा तापीवरचा पूल घे. तू पुलावरून सरळ जातेस, पण नकाशाला तो अरुंद पूल दिसतच नाही. त्याच्या लेखी तू एका काठानं नदीत उतरलीस आणि दुसऱ्या काठानं वर आलीस. जाताना एकदा, येताना एकदा. रेस तीन-चार फेऱ्यांची असली आणि वाटेत पूल असला, की हा खोटा चढ फेरीगणिक वाढत जातो. घाटातल्या कडेकपारीच्या रस्त्यांचंही तेच.

त्यापेक्षा हवेच्या दाबावर उंची मोजणारी घड्याळं बरी. तीही पावसाळी हवेत बिघडतात म्हणा. दाब एका मिलिबारनं उतरला तरी घड्याळ समजतं की आपण आठेक मीटर चढलो. म्हणून मागच्या वर्षी रेसच्या दिवशी ज्यांनी सायकल चालवली, अशा पाच-सहा जणांच्या नोंदी स्ट्राव्हा अ‍ॅपवर काढ. फारच वेगळा आकडा असेल तो टाकून दे, उरलेल्यांवर भिस्त ठेव. मार्ग यंदाही तोच आहे ना, एवढं यंदाच्या माहितीपुस्तिकेत तपास. गोव्यात मिरामारला २०१९ पासून ७०.३ होते, तिच्यासाठीही हाच नियम: मार्ग, फेऱ्या, चढ, सगळं ताज्या पुस्तिकेतून.

आता वेळेचं बोलू, कारण रडू तिथंच येतं. ‘चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढू’ असं मनात आणूच नकोस. दहा किलोमीटर चढ ताशी दहानं चढलीस, तोच उतार ताशी चाळीसनं उतरलीस. सरासरी पंचवीस? नाही. चढाला तास, उताराला पंधरा मिनिटं. वीस किलोमीटरला सव्वा तास, म्हणजे ताशी सोळा. पूर्ण अंतरात बहुतेक ठिकाणी सुरुवातीपासून साडेदहा तासांत सायकल संपवावी लागते. पोहणं आणि कपडे बदलणं यात दोन तास गेले, तर १८० किलोमीटरला साडेआठ तास उरतात. ताशी एकवीसच्या थोडं वर, पंक्चर आणि लघवीला थांबणं धरून. (हो, तेही धर. घाटात बायकांना आडोसा शोधावा लागतो, पुरुषांचा वेळ बघून तुझा हिशोब करू नकोस.)

तुझा हिशोब असा कर. तू, सायकल, बाटल्या मिळून सत्तर किलो धरू. एक तोरणमाळ चढायला लागणारी ऊर्जा म्हणजे सत्तर गुणिले ९.८ गुणिले हजार, जवळजवळ सात लाख ज्यूल. तुझे पाय तासनतास १५० वॉट देत असतील, तर एवढ्याच कामाला सव्वा तास लागतो. त्यात वारा आणि टायरचं घर्षण अजून धरलेलंच नाही. शंभर-सव्वाशे वॉटच निघत असतील तर वेळ त्या प्रमाणात वाढव. हे गणित कागदावर एकदा मांडलंस की कुणाला काही विचारावं लागत नाही.

गिअरचं पण बघ. आठ टक्क्यांच्या चढावर १५० वॉटनं तुझा वेग ताशी नऊच्या आसपास राहील. पुढं ३४ दात्यांची चकती आणि मागं सगळ्यात मोठी २८ ची असेल, तर पाय मिनिटाला साठसुद्धा फिरणार नाहीत; गुडघे बोलायला लागतील. मागं ३४ ची कॅसेट बसवलीस तर सत्तरच्या वर फिरतील. दुकानदार ‘ताई, एवढा हलका गिअर कशाला’ म्हणेल. त्याला धावायचं नसतं नंतर.

धावण्याचा मार्गही याच नजरेनं बघ. सायकलनंतर एखाद्या पुलाचा चढसुद्धा नकोसा होतो. ऊन तर विचारूच नकोस, तू नंदुरबारच्या मे महिन्यात वाढलीस. दमट हवेचं मात्र आपल्याला वावडं आहे. किनाऱ्यावरच्या रेसला त्याची वेगळी तयारी लागते.

माझ्या मते तुझी पहिली रेस अर्ध्या अंतराची असावी आणि सायकलचा चढ अर्ध्या तोरणमाळच्या आत. फॉर्म भरण्याआधी एका पहाटे कुणाला तरी बरोबर घेऊन तोरणमाळ चढ. ब्रेक तपासून घे, पाणी जास्त ने, घरी सांगून जा. वर पोचायला किती वेळ लागला तो मला कळव. रेस कुठली निवडायची ते मग दोघी मिळून बघू.