वक्र पडदा आणि शाळकरी डोळे

दहावीचा निकाल लागला की बारडोलीतील काही घरांत, विशेषतः काका-मामा परदेशी असतील तेथे, रुंद वक्र मॉनिटर येतो. पाठोपाठ पालकांचा प्रश्नही येतो, ‘हा डोळ्यांना चांगला ना?’

वेष्टनावरील १८००आर म्हणजे वक्रतेची त्रिज्या १८०० मिलिमीटर. ३४ इंची सपाट पडदा ७० सेंटिमीटरवरून पाहिल्यास त्याच्या कडा मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर दूर पडतात. वक्रतेने हा फरक सातावर येतो. परंतु सपाट पडद्यावरही डोळ्याच्या भिंगाला त्यासाठी जेमतेम ०.२ डायॉप्टरचा फेरबदल करावा लागतो. शाळकरी मुलाची क्षमता १० डायॉप्टरहून अधिक असते!

१४४ हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर ७ मिलिसेकंदांनी नवे होते. ६० हर्ट्झवर १७ मिलिसेकंदांनी. त्यामुळे खेळातील मोटारी सलग धावतात, हा लाभ खराच. मात्र एलसीडी पडद्याचे लुकलुकणे मागील दिव्यांच्या रचनेवर ठरते, या आकड्यावर नव्हे. पडद्यासमोर मंदावलेली पापण्यांची उघडझापही त्याने वाढत नाही.

जाहिरातीत न सांगितलेला गुण वेगळाच : हा मॉनिटर हातात धरून डोळ्यांजवळ नेता येत नाही. २५ सेंटिमीटरवरील मोबाईलसाठी भिंगाला ४ डायॉप्टर ताण पडतो, ७० सेंटिमीटरवर अवघा दीड. शिवाय रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळल्यास मायोपिया जडण्याचा धोका घटतो. खुर्ची तरीही पडद्याकडे सरकत असेल, तर दृष्टितपासणी करून घ्यावी. वर्गातील फळा स्पष्ट दिसतो का, हेही मुलाला विचारावे.